चाकांवरच्या घराचे रबरी छप्पर आणि त्याची डागडुजी

अमेरिकेतील महामार्गांवर मोटारींच्या रांगेत मधूनच एखादे आख्खे घर धावताना दिसते. स्वयंपाकाचा ओटा, फ्रीज, न्हाणीघर, चार माणसांच्या निजण्याची सोय आणि वर वातानुकूलन यंत्र असा सारा संसार चाकांवर मांडलेल्या या वाहनाला तिकडे ‘रिक्रिएशनल व्हेइकल’ किंवा नुसते ‘आरव्ही’ म्हणतात. काही आरव्ही स्वतःच्या इंजिनावर चालतात, तर काही पिकअप ट्रकच्या मागे जोडून ओढाव्या लागतात. अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही यलोस्टोन किंवा ग्रँड कॅन्यन पाहायला जाताना अशी गाडी आठवडाभरासाठी भाड्याने घेतात. भाडेकरूचे लक्ष इंजिन, पाण्याच्या टाक्या आणि गाद्या यांकडे असते. मालकाला मात्र खरी धास्ती असते ती छपराची.

ही धास्ती केवळ हौशी प्रवाशांपुरती नाही. निवृत्तीनंतर राहते घर विकून आरव्हीतच कायमचा मुक्काम करणारी जोडपी अमेरिकेत पुष्कळ आहेत. हिवाळ्यात ती अॅरिझोना किंवा फ्लोरिडाच्या उबेत उतरतात आणि उन्हाळा लागला की उत्तरेकडे सरकतात. घरभाडे न परवडल्याने वाहनात राहणाऱ्यांचे जग जेसिका ब्रूडर यांच्या ‘नोमॅडलँड’ या २०१७ सालच्या पुस्तकाने आणि त्यावरील ऑस्करविजेत्या चित्रपटाने बाहेरच्यांपुढे आणले. त्याआधी २००५ मध्ये कॅटरिना वादळाने बेघर झालेल्या एक लाखाहून अधिक कुटुंबांना सरकारने अशाच ओढगाड्यांत ठेवले होते, आणि काही आठवड्यांच्या सहलीसाठी बांधलेल्या त्या डब्यांत अनेकांना वर्षानुवर्षे काढावी लागली. अशा माणसांसाठी छपरातून गळणारे पाणी हे सहलीचा विरस करणारे विघ्न नसते. त्यांच्या हाताशी असलेली सगळी मालमत्ता त्या छपराखाली असते.

हे छप्पर पत्र्याचे नसते. अॅल्युमिनियमच्या किंवा लाकडाच्या बारीक वाशांवर प्लायवूडचे पातळ तक्ते ठोकलेले असतात आणि त्यांवर साधारण एक मिलिमीटर जाडीची रबराची पांढरी चादर डिंकासारख्या द्रावाने चिकटवलेली असते. पूर्वी या गाड्यांना पत्र्याची छपरे असत. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत रबराने त्यांची जागा घेतली. इंडियाना राज्यातील एल्कहार्ट हा या उद्योगाचा बालेकिल्ला आहे. तेथील कारखान्यांत गाडीच्या पूर्ण लांबीची एकसंध चादर वर अंथरली जाते. तीत मध्ये जोड नसतो, वजन कमी असते आणि धावत्या गाडीच्या हेलकाव्यांबरोबर ती लवचीकपणे ताणली जाते.

या रबराचे नाव ईपीडीएम. मुख्यतः इथिलीन आणि प्रॉपिलीन या दोन वायूंपासून ते बनते. कार्ल झीग्लर आणि ज्युलिओ नाट्टा यांना ज्या उत्प्रेरकांसाठी १९६३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांमुळेच हे रबर तयार करणे शक्य झाले. मोटारीच्या दाराभोवतीची काळी रबरी पट्टी पुष्कळदा याच जातीची असते. नैसर्गिक रबराच्या रेणूंच्या मुख्य साखळीत दुहेरी बंध असतात. हवेतील ओझोन त्यांवर हल्ला चढवतो आणि रबर तडकते. ईपीडीएमच्या मुख्य साखळीत असे बंध नसल्याने ऊन, पाऊस आणि ओझोन ते वर्षानुवर्षे सोसते. त्याचे वैर आहे ते तेलाशी. पेट्रोल, रॉकेल, डांबर, वंगण यांपैकी काहीही लागले की ते फुगते आणि सैल पडते. आपल्याकडे गच्ची गळू लागली की डांबर ओतण्याचा उपाय कोणीही सुचवतो. तो या छपरावर केला तर एका भोकाच्या जागी हातभर फुगवटा हाती येतो.

ईपीडीएमच्या जोडीला टीपीओ नावाच्या प्लास्टिकवर्गीय चादरीही वापरात आहेत. दिसायला दोन्ही पांढऱ्या असल्या तरी त्यांना चिकटणारे पदार्थ वेगळे असतात. म्हणून दुरुस्तीपूर्वी आपल्या डोक्यावर नेमके काय आहे हे माहीत हवे. गाडीबरोबर आलेली पुस्तिका हाताशी नसेल तर एखाद्या कोपऱ्यात बारीक पॉलिशपेपर हलकेच घासून पाहतात. खालून काळा थर डोकावला तर ते ईपीडीएम असते. त्याच्या पांढऱ्या पृष्ठभागाची उन्हाने भुकटी होते आणि पावसात ती गाडीच्या बाजूंवरून ओघळते. हे ओघळ पाहून नवखा मालक घाबरतो. वास्तविक ती रबराची संथ झीज असते, गळतीचे लक्षण नव्हे.

कुजते ते लाकूड

रबराची चादर आपण होऊन सहसा फाटत नाही, ही गोष्ट या विषयात सर्वांत आधी ध्यानात घ्यावी लागते. झाडाची खाली आलेली फांदी तिला ओरबाडते, गारा किंवा निसटलेले हत्यार तिला भोक पाडते. कधी प्लायवूड बसवणारा एखादा स्क्रू गाडीच्या हादऱ्यांनी सैल होऊन वर येतो आणि आतूनच रबर उचलू लागतो. हे अपवाद सोडले तर पाणी शिरते ते चादरीच्या कडेने. आरव्हीचे छप्पर भोकांनी भरलेले असते. हवा खेळण्यासाठी १४ इंच चौरस झरोके, न्हाणीघरावरील पारदर्शक झाकण, सांडपाण्याच्या नळाचे तोंड, अँटेना, सौर पट्ट्यांचे पाय आणि पुढच्या-मागच्या टोकांना चादर जेथे संपते ते लांबलचक सांधे. या प्रत्येक जागी पाणी अडवण्याचे काम रबर करत नाही. ते करते त्यावर घातलेले सीलंट, आणि त्याचे आयुष्य चादरीच्या मानाने फार थोडे असते. अॅरिझोनाच्या उन्हात ते वाळते, मिशिगनच्या थंडीत आकसते आणि महामार्गावरील प्रत्येक खड्ड्याने थोडे थोडे ताणले जाते. केसाएवढी चीर पडली तरी पाण्याला ती पुरते.

पुढचा प्रकार अधिक फसवा असतो. आत शिरलेले पाणी सरळ खाली पडत नाही. ते वाशाच्या कडेने, विजेच्या तारांच्या आधाराने किंवा इन्सुलेशनच्या थरातून वाट काढत कित्येक फूट दूर जाते आणि तिसऱ्याच ठिकाणी छताला डाग पाडते. डागाच्या बरोबर वर सीलंट फासणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आणि वरच्या मजल्यावरील न्हाणीघराची गळती शोधण्यात कधी काळी गुंतलेल्या कुणालाही हे निराळे समजावून सांगायला नको.

शिवाय डाग दिसतो तोवर बराच उशीर झालेला असतो. लाकडातील ओल साधारण २० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की कुजवणारी बुरशी जोर धरते. प्लायवूडचे पापुद्रे सुटतात, वासे भुसभुशीत होतात आणि पाणी भिंतीत उतरले की बाहेरचा फायबरग्लासचा पत्रा आतल्या थरापासून सुटून फुगतो. ही फुगलेली भिंत दुरुस्त करणे छपरापेक्षा किती तरी कटकटीचे असते. वर मात्र रबर तसेच पांढरेशुभ्र दिसत असते. म्हणूनच जाणते कारागीर भोकाकडे नंतर वळतात. आधी ते ओल कोठवर पोचली आहे याचा शोध घेतात.

हा शोध हातांनी आणि नाकाने सुरू होतो. छपराचे कोपरे, झरोक्यांच्या भोवतालचा भाग आणि पुढची कड तळहाताने दाबून पाहायची. तेथे गादीसारखे दबले तर खालचे लाकूड गेले असे समजावे. आतल्या बाजूने वरच्या कपाटांचे कोपरे उघडून कुबट वास येतो का, भिंतीवरचा कागद सुरकुतला आहे का हे बघायचे. दोन टोकदार सुया असलेले ओल मोजण्याचे छोटे यंत्र बाजारात मिळते आणि ते या कामी फार उपयोगी पडते. गळतीचे तोंड सापडतच नसेल तर काही कार्यशाळा आणखी एक युक्ती करतात. दारे-खिडक्या बंद करून पंख्याने गाडीत हवा भरायची आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचे पाणी शिंपडायचे. जेथे फट असेल तेथे बुडबुडे येतात. सायकलची ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधण्याचाच हा प्रकार, फक्त ट्यूब तीस फुटांची.

वातानुकूलन यंत्राचा मामला थोडा वेगळा आहे. सुमारे ४५ किलो वजनाचे हे यंत्र छपराच्या भोकावर फोमच्या जाड गॅस्केटवर बसवलेले असते आणि आतून बोल्टांनी आवळलेले असते. कालांतराने गॅस्केट दबते, बोल्ट सैल होतात आणि यंत्राच्या भाराने छप्पर थोडे खचून भोवती पाणी साचू लागते. हौशी दुरुस्तीकार अशा वेळी यंत्राच्या बुडाभोवती बाहेरून सीलंटची भिंत घालतात. हे करू नये. यंत्रातून ठिबकणाऱ्या पाण्यालाही मग बाहेरची वाट उरत नाही. बोल्ट आतून जरा आवळणे किंवा गॅस्केट नवे घालणे हाच त्यावरचा मार्ग आहे. बोल्टही वाजवीपेक्षा जास्त आवळले तर फोम चपटा होऊन निकामी होतो.

ठिगळ लावण्याची रीत

खालचे लाकूड कोरडे आणि घट्ट असल्याची खात्री पटली की चादरीवरील फाटणे किंवा भोक बुजवणे अवघड नाही. पण वर चढण्यापूर्वी दोन गोष्टींचा विचार हवा. या गाड्यांचे छप्पर जमिनीपासून तीन ते चार मीटर उंच असते आणि ओले रबर साबणासारखे निसरडे होते. काही हलक्या गाड्यांची छपरे तर माणसाचे वजन पेलण्यासाठी बांधलेलीच नसतात. त्यांवर शिडीवरूनच काम करावे लागते. जेथे चढता येते तेथेही प्लायवूडचा एक तुकडा अंथरून, गुडघ्यांवर बसून काम केल्यास भार विभागला जातो.

पहिले काम धुण्याचे. साधा भांडी धुण्याचा साबण, मऊसर ब्रश आणि भरपूर पाणी एवढे पुरते. पेट्रोलियमयुक्त किंवा लिंबूवर्गीय तेलाचे क्लीनर या रबराला वर्ज्य आहेत. जोरदार फवाऱ्याचे यंत्रही टाळावे, कारण ते सांध्याखाली पाणी घुसवते. धुऊन झाल्यावर जागा पूर्ण वाळू द्यायची आणि ठिगळाच्या क्षेत्रापुरती अल्कोहोलने पुसून घ्यायची. भुकटीचा पांढरा थर कापडावर येणे थांबेपर्यंत पुसणे थांबवू नये. ठिगळे उखडण्याच्या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा याच पायरीतील घाईत असते.

ठिगळ त्याच जातीच्या रबराचे हवे आणि फाटलेल्या जागेच्या चारही बाजूंनी किमान दोन इंच पलीकडे जाणारे हवे. त्याचे कोपरे कात्रीने गोल करून घ्यायचे, कारण उखडायला सुरुवात नेहमी टोकापासून होते. पंक्चर काढणारा कारागीर गोल ठिगळ वापरतो ते उगीच नव्हे. जुन्या पद्धतीत दोन्ही पृष्ठांवर डिंक लावून तो किंचित सुकला की ठिगळ बसवत. हल्ली मागे चिकट थर असलेली ठिगळे मिळतात. त्यांवरचा कागद सोलून, मध्यापासून कडांकडे हवा काढत जावे आणि शेवटी कडक रोलरने जोर देऊन दाबावे. हा चिकट थर दाबानेच धरतो, नुसत्या हाताने थापटून भागत नाही. काही टीपीओ चादरींवर चिकटवण्यापूर्वी प्रायमरचा हात द्यावा लागतो. हवामान कोरडे आणि तापमान १० अंश सेल्सिअसच्या वर असावे. ठिगळ बसले की त्याच्या कडांवर सीलंटची रेघ ओढतात.

सीलंटमध्येही दोन प्रकार आहेत आणि त्यांची अदलाबदल केली तर पस्तावण्याची वेळ येते. सपाट जागेसाठी आपोआप पसरून समतल होणारे, तर उभ्या कडांसाठी न ओघळणारे. पहिले उभ्या कडेवर लावले तर ते खिडकीपर्यंत ओघळते. सर्वांत मोठी चूक मात्र हार्डवेअरच्या दुकानातून आणलेल्या सिलिकॉनची. सिलिकॉन रबराला धड धरत नाही, आणि एकदा ते लागले की त्यावर दुसरे काहीच चिकटत नाही. पुढची प्रत्येक दुरुस्ती ते कणाकणाने खरवडून काढल्यावरच करता येते. जुने सीलंट तडकले असेल पण घट्ट असेल तर ते साफ करून वरून नवा थर देता येतो. सुटलेले मात्र प्लास्टिकच्या पट्टीने काढावे. लोखंडी पाते एका निसटत्या क्षणी चादर चिरते आणि कामात नवे काम निघते.

वाटेत, प्रवासात छप्पर फाटले तर ताडपत्री बांधण्याचा मोह होतो. धावत्या गाडीवर ती वाऱ्याने फडफडते आणि रबराला घासून आणखी जखमा करते. त्यापेक्षा ब्युटाइलसारखा जाड चिकट थर असलेली छपराची पट्टी जवळ बाळगणे बरे. ती इतकी घट्ट बसते की पुन्हा काढताना खालची चादरच फाटून येते. त्यामुळे जो झरोका पुढेमागे बदलायचा आहे त्याच्याभोवती ती लावू नये. चादरीची पुढची कड सुटली असेल तर गाडी हलवण्यापूर्वीच ती बांधून घेणे भाग असते. महामार्गाच्या वेगाने आत शिरलेला वारा सारे छप्पर शिडासारखे फुगवतो. याउलट, लहानसे फुगे चादरीत आधीपासून असतील, भोवती ओल नसेल आणि ते वाढत नसतील तर त्यांना हात न लावलेला बरा. ते कापून ‘दुरुस्त’ करणे म्हणजे धड जागी भोक पाडणे.

लाकूडच कुजले असेल तर ठिगळाला काही अर्थ उरत नाही. त्या भागावरील झरोके आणि कडांच्या पट्ट्या काढायच्या, चादर सोलून मागे गुंडाळायची, कुजका तक्ता जवळच्या धडधाकट वाशापर्यंत कापून काढायचा आणि आतील ओल पूर्ण सुकू द्यायची. यात काही दिवस, कधी आठवडेही जातात. नवा तक्ता जुन्याच जाडीचा हवा आणि स्क्रूंची डोकी पृष्ठभागाखाली बसवलेली हवीत. सोललेली चादर ताणली किंवा फाटली असेल तर मग नवीच घालावी लागते. कार्यशाळा यासाठी गाडीच्या लांबीनुसार, दर फुटामागे दर सांगतात आणि हिशेब हजारो डॉलरांत जातो. सीलंटची नळी दहा-वीस डॉलरांत मिळते. कोकणात मिरगाआधी शाकारणी उरकण्याचा जो हिशेब असे, तोच येथेही आहे. फरक इतकाच की या घराचा पावसाळा ठरलेला नसतो. म्हणून अनेक निर्माते दर तीन महिन्यांनी छपराची पाहणी करायला सांगतात.

लेप, विमा आणि जुनी गाडी

झिजलेल्या पण अभंग छपरासाठी द्रवरूप रबराचा लेप हा मधला मार्ग आहे. रोलरने दिलेला हा लेप वाळून अखंड पांढरा थर बनतो आणि चादरीला आणखी काही वर्षे देतो. अट एकच, खालचे लाकूड कोरडे हवे. ओल्या लाकडावर दिलेला लेप वाफेची वाट बंद करतो आणि कूज आतल्या आत वाढू लागते. सिलिकॉनचे लेपही मिळतात. ते टिकाऊ असतात, पण एकदा सिलिकॉन दिले की पुढे कायम सिलिकॉनच द्यावे लागते.

चादरीवर निर्मात्याची दहा-बारा वर्षांची हमी असते, असे ऐकून निर्धास्त होणारे अनेक जण पुढे खट्टू होतात. ही हमी बहुधा रबरापुरती असते. सीलंटची निगा मालकाने राखायची असते, आणि ती राखली नसल्याचे दिसले की दावा फेटाळला जातो. विम्याचेही तसेच. फांदी पडून किंवा गारांनी झालेले अचानक नुकसान सामान्यतः भरून मिळते, सावकाश झिरपलेल्या पाण्याचे मिळत नाही. त्यामुळे प्रत्येक पाहणीची तारीख लिहून छायाचित्रे जपून ठेवणारे मालक भांडणाच्या वेळी वरचढ ठरतात. गाडी भाड्याने घेणाऱ्यानेही ताब्यात घेताना छपराची दोन छायाचित्रे काढावीत, आणि झाडाखालून जाताना वर खरखर ऐकू आली तर त्याच दिवशी मालकाला कळवावे. ओरखडा दुसऱ्या दिवशी दहा मिनिटांत बुजवता येतो.

जुनी आरव्ही विकत घेणाऱ्याची परीक्षा याहून कठीण. विकण्याच्या आठवड्यातच दिलेला चकचकीत पांढरा लेप हा कौतुकाचा नव्हे, चौकशीचा विषय आहे. तो कशावर दिला हे विचारावे. उत्तर मिळो न मिळो, आत जाऊन पलंगावरच्या कपाटांचे दूरचे कोपरे हाताने चाचपावेत, शॉवरच्या झाकणाभोवतीची चौकट दाबून पाहावी, बाहेरून भिंतीकडे तिरप्या उजेडात एक डोळा मिटून बघावे. फुगवटा असेल तर तो सावलीत दिसतो. ओल मोजण्याचे यंत्र सोबत आणलेल्या गिऱ्हाइकाला विक्रेता कोपऱ्यांत सुया टोचू देत नसेल तर तेथेच सौदा सोडून पुढची गाडी पाहावी.